विश्लेषण : सहा आठवड्यांत स्पॅनिश? मॉर्मन मिशनरींच्या प्रशिक्षणाचे पहिले दिवस कसे असतात?

पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला आणि सोबत अगदी तसाच दिसणारा दुसरा तरुण. मेक्सिको, पेरू, चिली किंवा ग्वाटेमालातील रस्त्यांवर अशा जोड्या हमखास दिसतात. वय जेमतेम १८-२०. दार वाजवून अनोळखी माणसाशी ते स्पॅनिशमध्ये बोलू लागतात, तेही थेट देव, पाप, मृत्यू आणि कुटुंब या विषयांवर. यातील अनेकांना काही महिन्यांपूर्वी स्पॅनिशमध्ये स्वतःची नीट ओळखही करून देता येत नव्हती. हे कसे घडते? सहा आठवड्यांत कुणाला परकी भाषा खरेच येऊ शकते का? आणि त्यासाठी या मुलांना काय मोजावे लागते?

मॉर्मन म्हणजे नेमके कोण?

या पंथाचे अधिकृत नाव ‘चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’ असे आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात त्याची स्थापना केली. ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ बायबलच्या जोडीने धर्मग्रंथ मानला जात असल्याने ‘मॉर्मन’ हे नाव रूढ झाले. मात्र २०१८ मध्ये चर्चचे तत्कालीन अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी हे टोपणनाव टाळून पूर्ण नाव वापरावे, असे आवाहन केले. चर्चचे मुख्यालय युटा राज्यातील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. चर्चच्या आकडेवारीनुसार २०२४ अखेर जगभरात सुमारे पावणेदोन कोटी सदस्य आणि ७४ हजारांच्या आसपास पूर्णवेळ मिशनरी होते.

या मिशनरींपैकी बहुतांश जण धर्मशास्त्राचे पदवीधर नसतात, की त्यांना पगारही नसतो. नुकतीच शाळा संपवलेली ही मुले-मुली असतात. मुलगे दोन वर्षे, मुली १८ महिने सेवा करतात. खर्च स्वतःच्या बचतीतून किंवा कुटुंबाकडून येतो. अमेरिकेतील कुटुंबांसाठी २०२० पासून ही रक्कम महिन्याला ५०० डॉलर, म्हणजे ४० हजार रुपयांहून अधिक झाली. टोकियोला जा किंवा ग्वाटेमालाला, रक्कम तीच.

देश आणि भाषा कोण ठरवते?

अर्ज करणाऱ्याला यात निवड नसते. आपल्याकडे प्रवेश प्रक्रियेत किमान पसंतीक्रम तरी भरता येतो, इथे तोही नाही. कोण कुठे जाणार हे सॉल्ट लेक सिटीत चर्चचे वरिष्ठ नेते ठरवतात. पूर्वी नेमणुकीचे जाड पाकीट टपालाने येत असे, २०१८ पासून हे पत्र ऑनलाइन मिळू लागले. सगळे कुटुंब जमवून पत्र मोठ्याने वाचायचे, ही प्रथा मात्र कायम आहे. शाळेत दोन वर्षे फ्रेंच शिकलेल्याच्या वाट्याला जपानी येऊ शकते आणि परदेशाची स्वप्ने पाहणाऱ्याला टेक्सासमध्येच स्पॅनिश बोलणाऱ्या वस्तीत पाठवले जाऊ शकते.

स्पॅनिश वाट्याला येणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे. जगात जवळपास ५० कोटी लोकांची ही मातृभाषा आहे. या चर्चचे अमेरिकेखालोखाल सर्वाधिक सदस्य मेक्सिकोत आहेत. ‘बुक ऑफ मॉर्मन’मधील निवडक भाग स्पॅनिशमध्ये १८७५ मध्ये आणि संपूर्ण ग्रंथ १८८६ मध्ये छापला गेला. म्हणजे हे नाते जवळपास दीडशे वर्षांचे आहे.

प्रशिक्षण कुठे होते?

मुख्य केंद्र युटामधील प्रोव्हो शहरात, ब्रिगहॅम यंग विद्यापीठाला लागून आहे. ‘मिशनरी ट्रेनिंग सेंटर’ हे त्याचे नाव, बोलीभाषेत फक्त ‘एमटीसी’. याची सुरुवात १९६१ मध्ये झाली. परदेशी जाणाऱ्या मिशनरींना व्हिसा मिळेपर्यंत रिकामे बसवण्याऐवजी भाषा शिकवावी, हा त्यामागचा साधा हिशेब होता आणि शिकवलेली पहिली भाषा होती स्पॅनिश. आज तिथे ५० हून अधिक भाषा शिकवल्या जातात.

२०१२ मध्ये चर्चने मिशनवर जाण्याचे किमान वय मुलांसाठी १९ वरून १८ आणि मुलींसाठी २१ वरून १९ केले. त्यानंतर अर्जांचा ओघ इतका वाढला की प्रोव्होची जागा अपुरी पडू लागली. तेव्हा मेक्सिको सिटीतील ‘बेनेमेरितो दे लास आमेरिकास’ ही चर्चची निवासी शाळा २०१३ मध्ये बंद करून तिथे मोठे प्रशिक्षण केंद्र उभारले गेले. त्यामुळे स्पॅनिश शिकणारी अनेक अमेरिकी मुले आता थेट मेक्सिकोत दाखल होतात.

पहिल्या दिवशी काय घडते?

कोविडकाळात, मार्च २०२० नंतर, सगळे प्रशिक्षण ऑनलाइन झाले होते. केंद्रे पुन्हा उघडली तरी त्यातील एक भाग टिकला. प्रशिक्षणाची सुरुवात आता घरूनच, लॅपटॉपसमोर होते. त्यानंतर केंद्रात प्रत्यक्ष हजेरी.

निरोप थोडक्यात उरकला जातो. गाडी दारापर्यंत येते, फुटपाथवर मिठी मारली जाते, बॅगा उतरतात आणि गाडी निघून जाते. आपल्याकडे होस्टेलवर मुलाला सोडायला गेलेले आईवडील गादी घालून, कपाट लावून, मेसचे जेवण चाखून मगच निघतात. तसे काही इथे नाही. आत गेल्यावर काळा बिल्ला मिळतो. त्यावर चर्चचे नाव आणि स्वतःचे आडनाव असते. स्पॅनिश शिकणाऱ्याच्या बिल्ल्यावर चर्चचे नावही स्पॅनिशमध्ये. कालपर्यंत मित्रांमध्ये पहिल्या नावाने ओळखला जाणारा मुलगा आजपासून ‘एल्डर’ अमुक होतो. एल्डर म्हणजे ज्येष्ठ! वय १८ आणि पदवी ज्येष्ठाची. मुलींसाठी संबोधन ‘सिस्टर’, स्पॅनिशमध्ये ‘एर्माना’. म्हणजे आपल्याकडचे ‘ताई’च.

मग ओळख होते जोडीदाराशी. याला ‘कम्पॅनिअन’ म्हणतात. तो स्वतः निवडायचा नसतो. त्याच्यासोबतच राहायचे, जेवायचे, अभ्यास करायचा. काही अपवाद वगळता एकटे कुठेही जायचे नाही. सकाळी साडेसहाला उठणे, रात्री साडेदहाला दिवे बंद. मधला वेळ वर्ग, स्वाध्याय, थोडा व्यायाम आणि पुन्हा वर्ग यांनी भरलेला. अनेक वर्षे नव्या मुलांच्या बिल्ल्यावर एक केशरी ठिपका चिकटवला जाई. हा नवखा आहे, याला वाट दाखवा, असा त्याचा अर्थ.

आणि मग पहिला वर्ग. साधारण दहा-बारा जणांचा गट. शिक्षक आत येतो आणि स्पॅनिशमध्ये बोलू लागतो. इंग्रजीत ‘वेलकम’ नाही, अभ्यासक्रमाची ओळख नाही. हातवारे, चित्रे आणि फळ्याच्या आधारे तो बोलतच राहतो. समोरच्यांना दहातले एखादे वाक्य कळते. हा गोंधळ मुद्दाम घडवलेला असतो.

भाषेची सुरुवात प्रार्थनेपासून का?

भाषेच्या कुठल्याही क्लासमध्ये आधी ‘माझे नाव अमुक’, मग रंग, मग फळे, मग आठवड्याचे वार असा क्रम असतो. इथे अगदी सुरुवातीलाच शिकवली जाते ती प्रार्थना. यामागे श्रद्धा आहेच, पण भाषा शिकवण्याच्या दृष्टीनेही तो हुशारीचा पर्याय आहे.

या चर्चमध्ये रोजची प्रार्थना पाठ केलेली नसते, ती स्वतःच्या शब्दांत करायची असते. तिचा साचा मात्र ठरलेला. आधी संबोधन, मग ‘ते दामोस ग्रासियास’ म्हणजे आम्ही तुझे आभार मानतो, मग ‘ते पेदिमोस’ म्हणजे आम्ही तुझ्याकडे मागतो आणि शेवटी येशूच्या नावाने समारोप. म्हणजे चार चौकटी मिळाल्या. आता त्यात शब्द भरत जायचे. पहिल्या दिवशी ‘जेवणासाठी आभार’, दुसऱ्या दिवशी ‘जेवणासाठी आणि जोडीदारासाठी आभार’, आठवड्याने ‘आईची तब्येत सुधारल्याबद्दल आभार’. जेवणाआधी, वर्गाआधी, झोपण्याआधी अशी दिवसातून अनेकदा प्रार्थना होते. त्यामुळे न कंटाळता एकच वाक्यरचना शेकडो वेळा घोटली जाते.

दुसरा साचा साक्षीचा. ‘यो से के...’ म्हणजे ‘मला माहीत आहे की...’. तिसरा आमंत्रणाचा. ‘तुम्ही हे वाचाल का? प्रार्थना कराल का?’ त्यामुळे भविष्यकाळ लवकर शिकावा लागतो. प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांना हे ओळखीचे वाटेल. सगळी भाषा शिकून मग कोड लिहायचा नाही. तीन-चार तयार फंक्शन घ्यायची, आत आपली मूल्ये भरायची आणि प्रोग्रॅम पहिल्याच दिवशी चालवून पाहायचा.

पहिल्याच आठवड्यात ‘धडा’ कसा देतात?

खरा कस इथे लागतो. पहिल्या काही दिवसांतच जोडीला एका ‘व्यक्ती’ला भेटून स्पॅनिशमध्ये धर्माविषयी बोलायला सांगितले जाते. ही व्यक्ती बहुधा शिक्षकच असते. बहुतेक शिक्षक स्वतः मिशन पूर्ण करून परतलेले असतात आणि आपल्या मिशनच्या काळात भेटलेल्या एखाद्या माणसाची भूमिका ते करतात. नोकरी गेलेला बाप, नवऱ्याशी भांडण झालेली बाई, देवावर रागावलेला म्हातारा.

जोडीकडे कागदावर लिहून आणलेली दहा-बारा वाक्ये असतात. ती वाचून होतात. मग समोरचा माणूस काहीतरी विचारतो. दोघेही एकमेकांकडे पाहतात. प्रश्नच कळलेला नसतो. कधी आवाजावरून समजते की माणूस काहीतरी दुःखाचे सांगतो आहे, पण काय ते समजत नाही. हसावे की मान डोलवावी? १८ वर्षांच्या मुलाला पहिला धक्का व्याकरणाचा बसत नाही. ज्या विषयासाठी आपण दोन वर्षे द्यायला निघालो, त्याच विषयावर आपली जीभ तीन वर्षांच्या मुलाएवढी आहे, ही जाणीव त्याला धक्का देते.

चुकांचे किस्से तर ठरलेलेच. ‘पेकादो’ म्हणजे पाप आणि ‘पेस्कादो’ म्हणजे मासा. एक ‘स’ जास्त पडला की पापांऐवजी माशांचा पश्चात्ताप करण्याचे आवाहन होते. ‘एम्बारासादा’ हा शब्द इंग्रजी ‘एम्बॅरस्ड’सारखा वाटतो, पण त्याचा अर्थ आहे गरोदर. लाजल्याचे सांगायला जावे आणि भलतेच जाहीर व्हावे.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच ‘व्यक्ती’ला भेटायचे असते. काल न कळलेला शब्द आज शोधून, घोकून जायचे असते. त्याच्याविना पुढे सरकता येत नाही, म्हणून तो शब्द डोक्यात बसतो.

मराठी माणसाला यातले काय ओळखीचे वाटेल?

इंग्रजी मातृभाषा असलेल्याला स्पॅनिशमध्ये जिथे ठेच लागते, त्यातल्या काही जागा मराठी भाषकाला सपाट रस्त्यासारख्या आहेत.

इंग्रजीत ‘आय लाइक’ म्हणतात, म्हणजे कर्ता ‘मी’. स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता’. शब्दशः ‘मला आवडते’. डोके दुखते तेव्हाही स्पॅनिश माणूस ‘मला डोके दुखते’ अशाच वळणाने बोलतो. अमेरिकी मुलाला हे उलटे वाटते, आपल्याला नाही. टेबल स्त्रीलिंगी का, या प्रश्नावर तो अडतो. आपण तर तीन लिंगे सांभाळून मोठे झालो आहोत, स्पॅनिशमध्ये दोनच आहेत. विशेषणही नामाप्रमाणे बदलते, जसे आपले मोठा, मोठी.

सर्वांत गमतीचा भाग संबोधनाचा. स्पॅनिशमध्ये जवळच्या माणसासाठी ‘तू’ आहे. उच्चार आणि अर्थ दोन्ही मराठीसारखेच, कारण दोन्ही शब्दांचे मूळ एकाच प्राचीन भाषाकुळात आहे. आदरासाठी ‘उस्तेद’. मिशनरींना लोकांशी बोलताना ‘उस्तेद’ वापरण्याची सवय लावली जाते. प्रार्थनेत मात्र देवाला ‘तू’. इंग्रजी बोलणाऱ्या मुलाला याचे नवल वाटते. शेजाऱ्याला अहोजाहो आणि परमेश्वराला अरेतुरे? विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

अवघड काय? ‘असणे’ या एका क्रियापदासाठी ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे. शिवाय इच्छा, शंका, विनंती व्यक्त करताना क्रियापदाचे रूपच बदलते. तिथे सगळेच सारखे अडखळतात.

सहा आठवड्यांत भाषा खरेच येते का?

याचे सरळ उत्तर : नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या अधिकाऱ्यांना स्पॅनिशमध्ये कामापुरते प्रवीण करण्यासाठी सुमारे ३० आठवडे देते. आणि इंग्रजी भाषकांसाठी स्पॅनिश ही त्यातल्या त्यात सोप्या भाषांपैकी एक मानली जाते. मिशनरींना केंद्रात मिळतात साधारण सहा आठवडे.

सहा आठवड्यांत येते ती एका विषयापुरती स्पॅनिश. असा मुलगा ‘प्रायश्चित्त’, ‘पुनरुत्थान’ असे शब्द सहज बोलतो, पण नळ गळतोय हे घरमालकाला सांगताना त्याची बोबडी वळते. चिलीत उतरला तर लोक शब्दांतले ‘स’ गिळून भरभर बोलतात. अर्जेंटिनात ‘तू’ऐवजी ‘वोस’ ऐकू येते. वर्गातली स्पॅनिश आणि रस्त्यावरची स्पॅनिश यांतले अंतर पहिल्याच दिवशी कळते.

खरे शिक्षण पुढच्या दोन वर्षांत होते. नव्या मिशनरीला अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली पहिले १२ आठवडे काढावे लागतात. अनेकदा तो जोडीदार स्थानिक असतो आणि त्याला इंग्रजी येत नसते. भाजी आणणे, बस पकडणे, भांडण मिटवणे, सगळे स्पॅनिशमध्ये. केंद्रातील सहा आठवड्यांचे काम एवढेच की, अपुऱ्या भाषेत तोंड उघडण्याची भीड मोडायची. भाविक याला ‘भाषेचे वरदान’ मानतात. भाषाशिक्षणाच्या अंगाने पाहिले तर मर्यादित विषय, रोजचा वापर, पक्का हेतू आणि मागे फिरण्याची वाट बंद, ही त्याची चार कारणे दिसतात.

याची किंमत काय?

ही मागे फिरण्याची बंद वाटच काहींसाठी ओझे ठरते. घरापासून पहिल्यांदाच दूर, एकांत नाही, ओळखीची भाषा नाही आणि सतत मूल्यमापन. घरची आठवण, निराशा, झोप न लागणे या तक्रारी इतक्या नेहमीच्या आहेत की चर्चने मिशनरींसाठी ताण ओळखण्याची स्वतंत्र पुस्तिका काढली. त्यात ताणाच्या पातळ्या हिरवा, पिवळा, केशरी, लाल अशा रंगांत मांडल्या आहेत. काही जण मुदतीआधी परततात. जिथे संपूर्ण गल्लीने वाजतगाजत निरोप दिलेला असतो, तिथे अर्ध्यातून परतणे सोपे नसते. ‘तू का आलास?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही तरी ऐकू येतो. माजी सदस्यांपैकी अनेकांचा आक्षेपही हाच आहे, की इतक्या कोवळ्या वयात होकार खरोखर स्वतःचा असतो, की घराचा आणि समाजाचा?

काही नियम सैलही झाले. पूर्वी घरी फोन करण्याची मुभा वर्षातून दोनदाच, नाताळ आणि मातृदिनाला होती. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा, सुट्टीच्या दिवशी घरी फोन किंवा व्हिडीओ कॉल करता येतो. ज्यांची प्रकृती प्रवासाला साथ देत नाही, त्यांना घरी राहून समाजसेवेचे मिशन करण्याचा पर्यायही आहे.

परतल्यावर या भाषेचे काय होते?

अनेकांसाठी ती आयुष्यभराची शिदोरी ठरते. अमेरिकेचे माजी सिनेटर मिट रॉम्नी १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये मिशनरी होते आणि फ्रेंच बोलतात. तैवानमध्ये मिशन केलेले जॉन हंट्समन पुढे चीनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले, मँडरिन त्यांना अवगत होती. स्पॅनिश शिकलेल्यांना तर अमेरिकेतच संधी मिळते. तिथे चार कोटींहून अधिक लोक घरी स्पॅनिश बोलतात. डॉक्टर, पोलीस, शिक्षक, वकील, कुणालाही ही भाषा उपयोगी पडते.

महाराष्ट्राशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो जुना आहे. या चर्चचे ह्यू फिंडले हे मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आले आणि पुढे पुण्यात त्यांनी छोटी मंडळी स्थापन केली. प्रतिसाद तुटपुंजा मिळाला आणि काही वर्षांतच हे काम आटोपले. भारतात चर्चचे स्वतंत्र मिशन बेंगळूरुला १९९३ मध्ये सुरू झाले. भारतात परदेशी धर्मप्रसारकांसाठी व्हिसाचे वेगळे नियम आहेत आणि अनेक राज्यांत धर्मांतराविषयी कडक कायदे आहेत, त्यामुळे दारोदार फिरणाऱ्या जोड्यांचे चित्र इथे सहसा दिसत नाही.

मिशनरी आणि परकी भाषा ही गोष्ट मात्र मराठीला नवी नाही. गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ चे. विल्यम कॅरे यांनी मराठी व्याकरण १८०५ मध्ये छापले, त्यामागे वैजनाथ पंडितांची मदत होती. अमेरिकी मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि मराठी शिकू लागले. हेतू धर्मप्रसाराचा होता, तो मान्य असो वा नसो. पण ते करताना त्यांना आधी स्थानिक माणसासमोर विद्यार्थी म्हणून बसावे लागले.

भाषा शिकणाऱ्यांनी यातून काय घ्यावे?

नोकरीसाठी जर्मन किंवा जपानी शिकणाऱ्या मराठी मुलांची संख्या वाढते आहे. अनेकांचे प्रमाणपत्र होते, पण तोंड उघडत नाही. त्यांना दोन वर्षे घरदार सोडण्याची गरज नाही. मात्र तीन गोष्टी उचलता येतील. एक, सगळी भाषा एकदम शिकण्याऐवजी आपल्या कामाचा एक विषय निवडा. नर्स असाल तर रुग्णाशी बोलणे, मेकॅनिक असाल तर बिघाड समजावणे. दोन, रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या साच्यात, पण स्वतःची वाक्ये मोठ्याने बोला. तीन, पहिल्याच आठवड्यात एखाद्या खऱ्या माणसाशी बोला आणि चुका होऊ द्या.

समोरचा माणूस आपले व्याकरण तपासायला बसलेला नसतो. आपण त्याचे म्हणणे समजून घेतो आहोत का, एवढेच तो पाहत असतो. प्रोव्होतील मुलांना पहिल्या आठवड्यात सर्वाधिक अडचण येते ती ऐकण्याची आणि बोलणे सुधारते तेही ऐकायला शिकल्यावरच.